साठ मासे, तीन घरं

नुकुनोनू, टोकेलाऊ, ६ जून १९९४

नुकुनोनूच्या वडीलधाऱ्यांनो, आणि वरच्या वर्गातल्या अकरा मुलांच्या आईबापांनो,

आपल्या पोरांना चोर म्हटलं गेलं आहे. काल रेडिओवर आपियाहून जो निरोप आला, तो तुमच्यापैकी निम्म्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. पहिल्या सत्राच्या बीजगणिताच्या उजळणी परीक्षेत मुलांनी नक्कल केली, असा परीक्षा कार्यालयाला संशय आहे. संशय खरा धरला गेला तर वरचा वर्ग इथून उचलून आपियाला नेणार. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची मुलं जहाजात चढणार आणि दिसलीच तर नाताळात दिसणार. अशी गेलेली मुलं पुढे न्यूझीलंडला जातात आणि तिथून फक्त फोटो येतात, हे मी तुम्हाला काय सांगू? तुमच्या प्रत्येकाच्या भिंतीवर ते फोटो आहेत.

बैठकीत बायकांनी उभं राहून बोलायची रीत नाही, म्हणून हे पत्र. लिपिक इओसेफोने ते मोठ्याने वाचावं आणि जिथे मी चिडले आहे तिथे खोकू नये.

मी या मुलांची शिक्षिका. सहा महिने त्यांच्याकडून सरासरी, मध्यक, रेषीय समीकरणं घोटून घेतली. पण प्रश्नपत्रिका मी पाहिलेली नाही. मोहोरबंद पेटी जहाजातून आली, फादरनी ती मुलांसमोर उघडली, फादरच देखरेखीला बसले आणि त्यांनीच ती पुन्हा बंद करून जहाजावर चढवली. फादरना डुलकी लागली असेल, असं पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी म्हणालं. फादर डुलक्या घेतात त्या स्वतःच्या प्रवचनात. परीक्षेत ते टक्क जागे होते.

ज्या बाईने हा निरोप पाठवला ती परकी नाही. ती आपल्या मलियाची मुलगी, माझी चुलत बहीण हिलोआ. पाच वर्षांची असताना मावशीबरोबर न्यूझीलंडला गेली, आता आपियाच्या कार्यालयात गणिताचे पेपर काढते. मी तिला लिहिते आहे. तिचं उत्तर येईपर्यंत एकाही मुलावर हात उगारू नका.

लेपेका


आपिया, सामोआ, १७ जून

लेपेकाताई,

तुझं पत्र आलं. ते वाचताना तू समोर उभी राहून ओरडते आहेस असं वाटत होतं. मी ओरडणार नाही. मी आकडे सांगते.

ही परीक्षा सामोआतल्या सहा शाळांनी दिली आणि तुमच्या शाळेने दिली. टोकेलाऊच्या बाकीच्या दोन बेटांच्या पेट्या अजून इथे पोचलेल्या नाहीत. बाकी प्रश्नांत तुझी मुलं चारचौघांसारखी आहेत. दोघं-तिघं हुशार, दोघं-तिघं कच्ची. भानगड आहे ती नवव्या प्रश्नात.

तो मीच काढलेला, सोपा प्रश्न आहे. सामोआत निम्म्याहून जास्त मुलांना तो आला. ज्यांचा चुकला त्यांची उत्तरं बघ: पंधरा, तीस, एकशे ऐंशी, एकाने तर उणे चार लिहिलं आहे. प्रत्येकाची चूक आपापली. तुझ्या वर्गात अकरापैकी दहा जणांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं. उत्तरच काय, पायऱ्याही त्याच, जिथे गरज नाही तिथे समीकरण मांडलेलं तेही तेच. चूक ही मुलागणिक वेगळी असते, ताई. एकसारखी असते ती नक्कल.

वर्गात एकच प्रामाणिक मूल निघालं, आसन क्रमांक सात. त्याने दोन ओळींत बरोबर उत्तर लिहिलं. पेपरावर नावं नसतात, त्यामुळे ते कोण हे मला ठाऊक नाही. पण त्याला माझी शाबासकी सांग.

तू मुद्दाम काही केलंस असं मी म्हणत नाही. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतंस, ते मला लिहून पाठव. समिती ऑगस्टच्या सुरुवातीला बसते आहे.

आईला आणि अकेनेतेला प्रेम. पोरगी मला एक ओळही लिहीत नाही.

हिलोआ


नुकुनोनू, २८ जून

हिलोआ,

तुझी शाबासकी पोचवली. आसन क्रमांक सात म्हणजे तुझी मुलगी अकेनेते.

आता मी विचारते आणि तू उत्तर दे. पेपर काढणारी तू. मेच्या जहाजाने सोळा वर्षांची पोर इथे आजीकडे पाठवणारी तू. प्रश्नपत्रिकांची पेटी ज्या जहाजातून उतरली, त्याच जहाजातून अकेनेतेच्या नावाचं एक पार्सलही उतरलं, ते पाठवणारी तूच. मी उतरवून घ्यायला धक्क्यावर होते. चांगलं जाडजूड पार्सल होतं, दोरीला चार गाठी मारलेलं. आणि अख्ख्या वर्गात तुला हवं असलेलं उत्तर एकट्या तिलाच सापडतं.

हे मी कुणापाशी बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. फादरनी आसन क्रमांकांची यादी दारावर लावली होती, आणि तुझं पत्र मी बैठकीसाठी इओसेफोकडे दिलं होतं. आता अकेनेते शाळेच्या पायरीवर एकटी बसून खाते. मुली तिला "कार्यालयवाली" म्हणतात. मी दोघींना त्यासाठी उन्हात उभं केलं, पण मी उभं करते आहे ते मनापासून नाही, हे त्यांना बरोबर कळतं.

बाकी, मुलांना मी तो प्रश्न विचारला. सगळी म्हणाली, माशांचा होता, बाई, पेपरातला सगळ्यात सोपा. साठ मासे आणि तीन घरं; एकात दोन माणसं, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात नऊ. मीही फळ्यावर सोडवून पाहिला. दोन क्ष, चार क्ष आणि नऊ क्ष मिळून साठ. म्हणजे पंधरा क्ष बरोबर साठ. क्ष चार. दहा मुलांनी चार लिहिलं, मीही चार लिहिलं. यात चूक कुठे आहे ती दाखव. का कार्यालयात बसल्यावर भागाकारही बदलतो?

परीक्षा सोमवारी होती, त्यामुळे आदल्या दिवशी फळ्यावर काही नव्हतं. रविवार प्रार्थनेचा, आणि शनिवारी मोठी मासेमारी होती, सगळी पोरं टोपल्या घेऊन किनाऱ्यावर होती. शाळा बंद होती.

लेपेका


आपिया, ९ जुलै

लेपेकाताई,

पार्सलात स्वेटर होता. तिने आपियात मागितला होता आणि मी तेव्हा ओरडले होते, म्हणून पाठवला. नुकुनोनूवर स्वेटर कशाला, असं तू विचारशील. तिला विचार. तिला न्यूझीलंडमधलं तिचं थंड गाव आठवतं आणि स्वेटर घालून बसलं की बरं वाटतं. मला हे एका बहिणीला लिहून पटवावं लागतं आहे, याची लाज वाटते.

तिचा क्रमांक कळल्यावर मी त्याच दिवशी साहेबांना सांगितलं आणि नवव्या प्रश्नाच्या तपासणीतून बाजूला झाले. आता इथेही माझ्याकडे तिरकं बघतात. तुला समाधान वाटत असेल.

पण तुझ्या पत्राने मला जास्त घाबरवलं आहे. तू पेपर पाहिला नाहीस म्हणतेस, तरी सगळे आकडे तुला पाठ आहेत. मुलांनी सांगितले म्हणतेस. ठीक. पण मग तुझं उत्तरही तेच चुकीचं, मुलांचंही तेच, आणि मांडणीही अक्षराला अक्षर तीच? दहा मुलं आणि त्यांची शिक्षिका एकाच खड्ड्यात पडतात, तेव्हा समिती विचारणार की खड्डा खणला कुणी. तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. दाखवावं लागेल अशी वेळ आणू नकोस.

परीक्षा संपली आहे, त्यामुळे प्रश्न उतरवून पाठवायला हरकत नाही. असा आहे: "एका होडीने साठ मासे आणले. ते तीन घरांना मिळाले. घरांत अनुक्रमे दोन, चार आणि नऊ माणसे राहतात. दर घरामागे सरासरी किती मासे आले?" साठ भागिले तीन. वीस. माणसांचे आकडे मी मुद्दाम घातले होते. कोणती माहिती वापरायची आणि कोणती सोडायची, हे मुलांना कळतं का ते बघायला. तुझ्या मुलांनी जे सोडायचं तेच उचललं. सगळ्यांनी. एकजात.

हे असं का व्हावं, हे मी रोज स्वतःला विचारते. नक्कल सोडून दुसरं कारण असेल तर मला दे. मला ते हवं आहे, ताई.

हिलोआ


नुकुनोनू, १८ जुलै

आई,

लेपेकामावशीने सांगितलं की तिच्या पत्रासोबत माझंही पत्र टाकायचं, नाहीतर जेवण नाही. म्हणून लिहिते.

आधी सांगते, नवव्या प्रश्नात माझं चुकलं. तू माझा पेपर काढ आणि दुरुस्त कर. मी वीस लिहिलं होतं.

काय झालं, मी इथे आल्यापासून शनिवारी किनाऱ्यावर गेलेच नव्हते. मला तो वास सहन व्हायचा नाही. आपला वाटा शेजारची लोसा आणून द्यायची. परवा आजीने माझ्या हातात टोपली दिली आणि म्हणाली, "लोसा काय तुझी नोकर आहे का? जा." मी स्वेटर घालूनच गेले. सगळे हसले.

होड्या आल्या, सगळे मासे वाळूवर एकत्र ओतले. कुणाची होडी, कुणी किती पकडले, काही नाही. मग पिओ नावाचे म्हातारे घराचं नाव पुकारायला लागले आणि नावाबरोबर आकडा. मला वाटलं, घराघराला सारखे ढीग करतील. पण लोसाच्या घराला हा एवढा ढीग आणि मला सहा मासे. मी टोपली घेऊन तिथेच उभी राहिले. मला वाटलं, त्या पेपरामुळे मला कमी दिलेत. मी पिओंना म्हणाले, "आमच्या घराला कमी का?"

ते म्हणाले, "घराला? घर कधीपासून मासे खायला लागलं गं?" सगळा किनारा हसला. मग म्हणाले, "तुमच्यात खाणाऱ्या दोघी. लोसाकडे नऊ जण, काल जन्मलेलं बाळ धरून. माणशी तीन. तू आपियाची शहाणी, मोज."

मी मोजलं. बरोबर होतं. आई, बाळाला दातसुद्धा नाहीत, तरी त्याचे तीन.

परत येताना लोसा माझ्याबरोबर चालली. मी तिला विचारलं, नवव्यात तू काय लिहिलंस? ती म्हणाली, चार, दुसरं काय लिहिणार? मी म्हटलं, मी वीस. ती थांबलीच. म्हणाली, "म्हणजे दोघांच्या घरालाही वीस आणि नऊ जणांच्या घरालाही वीस? असं कोण वाटेल?" तिला खरंच वाटलं की मी दुष्टपणाने लिहिलं.

तर माझे गुण कमी कर. आणि लोसाला चोर म्हणू नका. परीक्षेत सगळी एकेक बाक सोडून बसली होती.

अकेनेते


नुकुनोनू, १८ जुलै

हिलोआ,

तिचं पत्र आधी वाचलंस का? नसेल तर आधी वाच.

तू उतरवलेला प्रश्न वाचला आणि मी इतकी हसले की शेजारून विचारायला आले. मग हसू गेलं. तुला कारण हवं होतं. ते दर शनिवारी आमच्या वाळूवर पडलेलं असतं आणि आम्ही त्यात टोपल्या घेऊन उभे असतो. म्हणून मला दिसलं नाही. तू पाच वर्षांची असताना गेलीस, तुला टोपली पेलतही नव्हती, म्हणून तुलाही दिसलं नाही. या बेटावर मासे, घर आणि माणसं असे तीन शब्द एका वाक्यात आले की मूल दुसरं काही वाचतच नाही. डोकी मोजतं आणि भागतं. पोरं परीक्षेच्या आदल्या शनिवारी दुपारभर तेच करून आली होती.

आता जे माझं आहे ते मी मान्य करते. प्रश्न सरासरीचा होता आणि पोरांनी तो पुरा वाचला नाही. मीही त्यांच्या तोंडून ऐकून अर्धाच सोडवला. ही शिकवण्यातली खोट आहे आणि ती मी भरून काढेन. तुझं उत्तर वीस, ते बरोबर. अकेनेतेचंही बरोबर, तिचे गुण कापू नकोस. पण मुलांच्या पेपरात आणखी एक पायरी कर. माणशी चार, म्हणजे घरांना आठ, सोळा आणि छत्तीस. आता या तीन आकड्यांची सरासरी काढ.

वीस.

तुझं उत्तर त्यांच्या पेपरातच आहे, हिलोआ. ती फक्त शेवटच्या पायरीला थांबली, कारण मासे वाटून झाल्यावर इथे कुणी सरासरी काढत नाही. सगळे जेवायला जातात.

नक्कल नव्हती हे समितीला कसं पटवायचं, ते तू बघ. बाकीच्या दोन बेटांच्या पेट्या आल्या का? आल्या असतील तर त्यांचा नववा प्रश्न उघड. त्यांच्यात आणि आमच्यात अख्खा समुद्र आहे. तिथल्या पोरांनी आमचं बघून लिहिलं असेल, तर मी उद्या शाळा सोडते.

पार्सलाबद्दल मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. अकेनेते आता स्वेटर शाळेतही घालते आणि मुली तो आळीपाळीने मागून घेतात. उन्हाने सगळ्या घामाघूम.

लेपेका


आपिया, २ ऑगस्ट

ताई,

पेट्या उघडल्या. मी बाजूला झाले होते, म्हणून साहेबांनी स्वतः वाचून दाखवलं आणि मी फळ्यावर लिहीत गेले. चार. चार. चार. चार. मध्ये एक वीस आलं; आसनयादी बघितली तर ते तिथल्या शिक्षकाच्या सामोअन पुतण्याचं. मग पुन्हा चार. साहेब पाचव्या पेपरालाच चष्मा काढून बसले होते, पण मी म्हटलं, सगळे वाचा. नमुना लहान होता म्हणून आपण फसलो, आता पुरा घ्या.

दोन्ही बेटांवर तेच समीकरण, तीच मांडणी. मी त्यांना तुझी शेवटची पायरी करून दाखवली. समितीतले एक गृहस्थ त्या विसावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे आपण या पोरांना विचारलं एक, आणि त्यांनी उत्तर दिलं त्याहून अवघड प्रश्नाचं."

नकलेचा शेरा तिन्ही शाळांचा रद्द झाला आहे. वरचा वर्ग नुकुनोनूलाच राहतो आहे. तसा कागद सही-शिक्क्यासह मी स्वतः घेऊन येते, पुढच्या जहाजाने. समितीतले दोघं बरोबर आहेत. रेडिओवर तो निरोप माझ्या आवाजात गेला होता. माफीही माझ्या तोंडून जायला हवी, आणि रेडिओवरून नको.

मला भीती वाटते, ताई. समितीची वाटली नव्हती एवढी. एकोणतीस वर्षांनी उतरणार, आणि उतरणार ती पोरांना चोर म्हणणारी बाई म्हणून. लोक काय म्हणतात ते मला खरं लिही, गोड करून नको. पण तुझं उत्तर यायच्या आत मीच पोचेन.

हिलोआ


नुकुनोनू, २० ऑगस्ट, शनिवार

नुकुनोनूच्या वडीलधाऱ्यांनो, आणि त्याच अकरा मुलांच्या आईबापांनो,

जूनमध्ये मी तुम्हाला लिहिलं तेव्हा आपण सगळे एका बाजूला होतो. आज मी तुमच्या विरुद्ध लिहिते आहे, आणि इओसेफो, आज तू हवा तेवढा खोक, पण शेवटपर्यंत वाच.

वर्ग राहिला, तो कागद तुम्ही पाहिला. हिलोआ परवा शाळेत मुलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाला न बघता चोर म्हटलं. माझं चुकलं." मागच्या बाकावरून लोसाने विचारलं, "मग आमचे गुण?" ती म्हणाली, गुण नाही मिळणार, प्रश्न वाचला असता तर मिळाले असते. वर्ग हसला, तीही हसली. मग तोच प्रश्न पुन्हा सोडवला, दोन्ही तऱ्हांनी, आणि कुणाचं अडलं नाही. मुलांच्या बाजूने हे प्रकरण तिथे मिटलं.

तुमच्या बाजूने मिटलेलं नाही. काल बैठकीत काय ठरलं ते पाण्याच्या टाकीपर्यंत यायला वेळ लागत नाही. आज होड्या भरून आल्या आहेत. आणि तुम्ही ठरवलंत की आपियाहून येऊन मलियाकडे उतरलेल्या तिघांना वाटपात धरायचं नाही. त्यांना डब्यातलं मटण आणि भात द्यावा, पाहुणचार झाला. ज्यांनी आपल्या पोरांची नावं खराब केली त्यांना वाळूवरचा वाटा कशाला, असं कुणी म्हणालं आणि कुणीच नाही म्हणालं नाही.

तुमचा राग मला कळतो. माझा तुमच्याहून मोठा होता. मी माझ्या बहिणीवर आणि तिच्या कोवळ्या पोरीवर एका स्वेटरपायी चोरीचा आळ घेतला. पण मला सांगा, आपली मुलं सुटली कशामुळे? माझ्या पत्रांमुळे नाही. ती सुटली कारण तिन्ही बेटांवर वाढलेल्या एकाही मुलाला माणूस वगळून भागाकार करायचं सुचलं नाही. आजारी असो, आळशी असो, होडीवर गेलेला असो की नसो, कालच जन्मलेला असो, जो बेटावर आहे तो मोजला जातो. हे त्यांना मी शिकवलेलं नाही. तुम्ही शिकवलंत, त्यांच्या हातात टोपली देऊन. आज तीच मुलं टोपल्या घेऊन उभी राहतील, आणि पिओ आकडे पुकारतील, आणि अकराच्या अकरा जणांना मनातल्या मनात बेरीज करता येते. तीन डोकी कमी आहेत हे त्यांना पिओंच्या आधी कळेल. मग सोमवारी मी फळ्यासमोर कोणतं तोंड घेऊन उभी राहू? त्यांना काय सांगू, की माणशी चार हे उत्तर कागदावरच खरं असतं?

हिलोआ आत्ता किनाऱ्यावर आहे. मलियाने तिच्या हातात टोपली दिली आहे. तिला तुमचा ठराव माहीत आहे. तरी ती रांगेत उभी आहे, अकेनेतेच्या मागे, आणि तिला टोपली कशी धरायची ते पोरगी दाखवते आहे.

इओसेफो, वाचून झालं. हे पत्र खाली ठेव आणि तुमच्यापैकी एकाने उठून आत्ता, पहिलं नाव पुकारायच्या आधी, वाळूवर जाऊन पिओंना सांगा: मलियाच्या घरात आज पाच माणसं मोजा.

लेपेका